अब्बासियाचा वाटा

गफूर मुकादमला राग आला की तो कांदा चिरायला घेतो. कुवेतच्या रुमैथियातल्या त्या दुमजली घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळीच परातीत कांद्याचा ढीग दिसला की घरकामाची बाई चहा मागायलासुद्धा स्वयंपाकघराकडे फिरकायची नाही. घराचे मालक, ज्यांना सगळी नोकरमाणसं बाबा म्हणत, ते दारातूनच विचारायचे, "गफूर, आज कुणावर?" गफूर मान वर न करता सांगायचा, "कुणावर नाही बाबा, डोळे धुतोय."

गेल्या हिवाळ्यातल्या त्या शुक्रवारी मात्र त्याने एकही कांदा चिरला नाही. हातात सुरी धरायचीच त्याला भीती वाटत होती, इतका तो संतापलेला होता. आणि माझं मत विचाराल तर संतापायलाच हवं होतं. उलट एवढं होऊन तो शांत राहिला असता तर त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात असं मला वाटलं नसतं.

गफूर म्हसळ्याकडचा. खाडीकाठचा मोहल्ला, नारळाची थोडी झाडं, बायको जमिला, दोन मुली, त्या आता आपापल्या घरी. तो कुवेतला आला तो सुलैबियातल्या एका कोंबड्यांच्या दुकानात. गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत, आणि दुकानदाराचं एकच पालुपद, हात चालव. गफूर प्रत्येक कोंबडीवर अल्लाचं नाव घ्यायचा आणि नाव घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा घ्यायचा. एकदा नाव घेऊन दहा मानांवर सुरी फिरवायचं त्याला जमेना. "रांग मोठी आहे म्हणून अल्लाला थांबवू का?" असं त्याने दुकानदाराला भर गिऱ्हाइकांत विचारलं, आणि नोकरी गेली. त्याच रांगेत बाबा उभे होते. त्यांनी त्याला गाडीत बसवून घरी आणलं आणि स्वयंपाकघर दाखवलं. तेव्हापासून तो तिथेच होता. तो स्वयंपाक करायचा, गरज पडली तर गाडी चालवायचा, आणि घरात लागणारं प्रत्येक जनावर स्वतःच्या हाताने कापायचा.

बाबा वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या घालाल. गफूरच्या धाकट्या मुलीच्या लग्नात त्यांनी आपणहून त्याला रजा दिली, विमानाचं तिकीट दिलं. त्यांची आई वारली तेव्हा तिच्या नावाने काहीतरी दानधर्म करावा असं त्यांच्या मनात आलं. गफूरने सुचवलं, महिन्यातून एका शुक्रवारी अब्बासियातल्या गाववाल्यांना मटणाची मोठी देग शिजवून पाठवू या. बाबांना ते आवडलं. त्या शुक्रवारपर्यंत ती देग कधी चुकली नव्हती.

अब्बासियात जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर म्हसळा-श्रीवर्धनकडच्या माणसांची एक खोली आहे. खोली कसली, दोन खोल्या आणि एक गॅलरी, त्यात मावतील तेवढी माणसं. सगळे एकटे, बायकामुलं गावाकडे. कोणी एसी दुरुस्त करतो, राहुल नावाचा पोरगा मॉलमध्ये फरशी पुसतो. सगळ्यांत जुना तौफीक पेवेकर. तो एका गोदामात आहे आणि खोलीतलं शेवटचं मत त्याचं असतं. शत्रुघ्न नावाचा वायरमन आहे, गफूरच्या शेजारच्या गावचा. हॉटेलातलं मटण तो खात नाही, कोणी कसं कापलं असेल म्हणून. गफूरच्या देगीतलं मात्र हाडापर्यंत खातो.

या सगळ्यांचा एक नियम आहे. बाहेरचं मांस खायचं झालं तर दहा प्रश्न विचारायचे. गफूरकडून आलं तर एकही विचारायचा नाही. खोलीत कधी नवा माणूस आला आणि त्याने ताटाकडे बघून विचारलं, की हे कुठलं, तर तौफीक म्हणतो, "गफूरभायच्या हातचा हाय, खा गुमान." गफूरने आयुष्यात घर बांधलं, मुली उजवल्या, पण त्याला विचारलं तर कमाई म्हणून तो हे वाक्य सांगेल.

आता हरणांकडे येऊ. बाबांचा वफ्राला मळा आहे. टोमॅटो, खजूर, आणि एका बाजूला उंच जाळीच्या कुंपणात पाळलेली हरणं. वाळूच्या रंगाची, बारीक पायांची. गफूर आठवड्यातून एकदा तिथे जायचा तेव्हा शिळ्या रोटीचे तुकडे आणि मऊ पडलेला खजूर घेऊन जायचा. त्याची गाडी दिसली की हरणं जाळीशी येऊन उभी राहायची. एक म्हातारा नर होता, एक शिंग मोडलेला. तो गफूरचा खिसा चाटायचा. घरात मोठी मेजवानी असली की वर्षातून एखादं हरीण कापलं जायचं. गफूर त्याला पाणी पाजायचा, इतरांच्या नजरेआड न्यायचा, मान मक्केच्या दिशेला वळवायचा आणि क्षणात मोकळं करायचा. त्याबद्दल त्याला कधी अपराधी वाटलं नाही. खायचं तर कापावं लागतं, आणि कापायचं तर नीट कापावं, एवढं साधं त्याचं गणित.

बाबांचा मुलगा बदर. पोरगा मनाने मोकळा, हाताने उधळा. मध्यंतरी तो मित्रांबरोबर परदेशात शिकारीला गेला होता आणि तिथून नाद घेऊन आला, ठासणीच्या बंदुकीचा. परवाने वगैरे सगळं रीतसर असेल, नसेल. मोठ्या घरातली गोष्ट, त्यात आपण पडू नये. बंदूक नव्या कारखान्याची पण रीत जुनी: नळीच्या तोंडातून दारू घालायची, वरून गोळी ठासायची, एक बार काढायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. बदरने ती दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, सगळ्यांना दाखवली. त्याच्या आजोबांकडे असलीच बंदूक होती म्हणे. तर आजोबांची आठवण म्हणून गुरुवारच्या मेजवानीला आपणच हरीण मारून आणायचं, असं त्याच्या मनाने घेतलं.

"मारायचं कुठून?" गफूरने कॉफी ठेवता ठेवता विचारलं.

"मळ्यातून."

"ती तर खिसा चाटतात. त्यांची शिकार कसली करायची?"

दिवाणियात हशा पिकला. बदरही हसला. गफूर हसला नाही. त्याने बाबांकडे पाहिलं आणि सांगितलं की रानातल्या जनावराची गोष्ट वेगळी, ते हाती लागत नाही. पण कुंपणातलं, हातून चारा खाणारं जनावर असेल तर त्याच्या गळ्यावर जीव असताना सुरी फिरलीच पाहिजे. नाहीतर ते मढं. बाबांनी मान डोलावली. या बाबतीत म्हसळ्याचा मौलवी आणि रुमैथियाचा इमाम यांच्यात तसूभर फरक नाही. मग बाबांनीच मधला मार्ग काढला: बदर बार काढेल, जनावर पडेल, गफूर सुरी घेऊन जवळच उभा राहील. चालेल?

गफूर म्हणाला, चालेल.

हे "चालेल" त्याला पुढे फार बोचलं. पण तो ते म्हणाला ते बाबांना खूश करायला नव्हे. ठासणीची बंदूक म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा हसनमामू आला होता. मामूकडे तसली बंदूक होती, आणि डोंगरात चोरून भेकर मारायला तो जायचा. कायदा तेव्हाही होता, पण तो घाट चढून वर आला नव्हता. मिसरूड फुटल्यावर गफूरला त्या टोळीत सुरीचं काम मिळालं. मामू मासळीच्या जाळ्याच्या वजनांचं शिसं वितळवून त्याच्या गोळ्या ओतायचा, मऊ, करड्या, आवळ्याएवढ्या नव्हे पण करवंदाएवढ्या. आणि अगदी जवळ गेल्याशिवाय बार काढायचा नाही. ती गोळी रेंगाळत जायची, पण हाडावर बसली की भाकरीसारखी पसरायची. भेकर पुढच्या गुडघ्यांवर बसायचं. मरायचं नाही, बसायचं. गफूर धावत जाऊन पोहोचायचा तेव्हा त्याचा श्वास चालू असायचा. त्याच्या लेखी ठासणीची बंदूक म्हणजे हे: ती जनावराला थांबवते, आणि बाकीचं सुरीवर सोपवते.

त्यात बदरने त्याला मोबाईलवर चित्र दाखवलं. नवी गोळी तांब्याच्या कवचाची, टोकाला बारीक भोक, आरशासारखी लख्ख. पुढच्या चित्रात तीच गोळी जेलीच्या ठोकळ्यात घुसून उघडलेली, चारी बाजूंनी पाकळ्या मागे वळलेल्या. बदरने बोटं मिटून उघडून दाखवली. गफूर भारावला. मामूच्या शिशाने जर भेकर बसायचं, तर ही एवढी पसरणारी गोळी हरणाला जागचं हलू देणार नाही, असा त्याने हिशेब केला. तो हिशेब साफ चुकला.

कारण ती गोळी मुळात दुसऱ्या बंदुकीसाठी होती. जोरकस रायफलीतून सुसाट सुटून आदळली तरच तिचं कडक तोंड फाकायचं. ठासणीच्या नळीपेक्षा ती बारीकही होती, म्हणून तिला प्लॅस्टिकचं एक झबलं घालून नळीत उतरवावं लागायचं. खांद्याला दणका बसू नये म्हणून बदरने दारूही बेताचीच घातली. आणि वर, शिकारीसारखं वाटावं म्हणून जाळीशी न जाता पार लांब, मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, जीपच्या बॉनेटवर बंदूक टेकवून तो बसला. दुर्बिणीतून पाहायला मजा येते म्हणाला. एवढ्या लांब जाईतो त्या गोळीच्या अंगात काय उरणार होतं? पेटीतून निघाली तशीच्या तशी ती जाणार होती, सुईसारखी आरपार. ज्याने ती खरेदी केली त्याने हे वाचायला नको? बंदूक घेता येते, गोळी घेता येते, मग बंदुकीला गोळी कोणती चालते ते विचारायला जीभ का रेटत नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गुरुवारी सकाळी गफूर कुंपणाच्या आत, खजुराच्या बुंध्याशी सुरी घेऊन उभा राहिला. मोडक्या शिंगाच्या म्हाताऱ्याला पुढे करावं असं त्याने बदरला सांगून ठेवलं होतं. त्याचं जगून झालं होतं. बदरने दुर्बिणीतून निवडला तो कळपातला सगळ्यांत देखणा नर. बार झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि हरणं उधळली. गफूरने पाहिलं, तो नर एकदा दचकला, पाठ आखडली, आणि पळाला. बसला नाही की अडखळलासुद्धा नाही. जाळीच्या कडेकडेने तो पार लांबच्या कोपऱ्याकडे धावत सुटला. नेम चुकला असंच सगळ्यांना वाटलं.

मग गफूरला वाळूवर थेंब दिसले.

तो धावला. वय काय, वाळू किती, छाती कशी भरून आली, यातलं काहीही त्याला तेव्हा कळलं नाही. धावताना तो मोठमोठ्याने अल्लाचं नाव घेत होता आणि मधेच बदरला आपल्या म्हसळ्याच्या भाषेत अशा शिव्या देत होता की कळल्या असत्या तर तिथेच नोकरी गेली असती. कोपऱ्यात पोहोचला तेव्हा नर जाळीला टेकून आडवा पडलेला. गफूरने गुडघे टेकले, मानेवर तळहात ठेवला, नाकाशी बोट धरलं, डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श केला. पापणी मिटली नाही. बरगडीच्या मागे एका बाजूला पेन्सिल जाईल एवढं भोक होतं, आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच. रक्त सगळं आत साठलं होतं. त्याने सुरी म्यानात घातली.

जीप आली. बदर आणि त्याचे मित्र उतरले. आणि बदरने काय केलं? हरणाकडे एक नजर टाकली आणि ते आधी उभं होतं त्या जागेमागच्या मातीच्या बांधात गोळी शोधायला गेला. सापडली तेव्हा मोठ्याने ओरडला, "शूफ! बघा, उघडलीच नाही!" गोळी खरोखरच कोरी करकरीत होती, पेटीत घातली असती तर ओळखू आली नसती. बदरने तिचे फोटो काढले, दुकानदाराला पाठवतो म्हणाला, मला फसवलं. तो खरोखर रागावला होता. फसवलं कुणाला गेलं होतं ते त्याच्या पायाशी पडलेलं होतं.

"काप," तो शेवटी गफूरला म्हणाला.

"मेलंय ते."

"आत्ताच मेलंय. गरम आहे. काप, खलास."

"गरम तर तवापण असतो," गफूर म्हणाला. "मी मेलेल्यावर सुरी फिरवत नाही."

बदरने एका मित्राकडून चाकू घेतला आणि स्वतःच गळ्यावर ओढला. गफूर तोंड फिरवून उभा राहिला. त्या मरणात आपलाही हात होता, आपल्या त्या "चालेल"चा, हे त्याला कळत होतं, आणि म्हणून तो अधिकच जळत होता.

दुपारी मांस रुमैथियाच्या स्वयंपाकघरात आलं, तुकडे करून, पिशव्यांत भरून. गफूर तडक बाबांसमोर जाऊन उभा राहिला. बदर तिथेच बसला होता. बाबांनी विचारलं, "तू कापलंस?"

"नाही बाबा. मी पोहोचलो तेव्हा जीव नव्हता."

बदर काहीतरी बोलायला गेला. बाबांनी हाताने त्याला गप्प केलं. मग म्हणाले, "हे पाहुण्यांच्या ताटात जाणार नाही. बाजारातून दोन बकरे आण, तूच काप." बदर उठून निघून गेला. हा माणूस असाच आहे, कोंबडीवाल्याच्या रांगेत याने मला उगाच नाही निवडलं, असं त्याला वाटलं. त्या संध्याकाळी त्याने असा काही मच्छबूस, तिथला मसालेदार मटणभात, शिजवला की पाहुण्यांनी त्याला बाहेर बोलावून शाबासकी दिली.

पाहुणे गेल्यावर बाबा स्वतः स्वयंपाकघरात आले. शीतपेटी उघडून त्यांनी त्या पिशव्यांकडे पाहिलं.

"उद्या अब्बासियाची देग आहे ना?"

"हो बाबा."

"हे त्यांना कर. एवढं मांस फेकून देणं बरं नाही. आणि तिथे बोलू नकोस काही. मिस्कीन लोक आहेत, खातील."

मिस्कीन म्हणजे गरीब, बापुडे. बाबा हा शब्द प्रेमानेच वापरत. आईच्या नावाची देग सुरू केली तेव्हाही तो त्यांनी वापरला होता आणि तेव्हा गफूरला त्यात काही खटकलं नव्हतं. आता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांना जे मढं, ते तौफीकला मटण? शत्रुघ्न हॉटेलातलं खात नाही, तो हे खाणार, आणि ते का, तर गफूरने आणलं म्हणून! म्हणजे बाबा नुसतं मांस देत नव्हते, मांसाबरोबर गफूरची जबान वाढून देत होते. हे सगळं त्याला तिथल्या तिथे बोलायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "बाबा, ते पण नमाज पढतात." बाबा थकलेले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते झोपायला गेले.

शुक्रवारी गफूरने चूल पेटवली नाही. कच्च्या पिशव्या बर्फाच्या पेटीत घातल्या, पेटी गाडीत टाकली आणि जुम्म्याच्या नमाजानंतर तो अब्बासियाला पोहोचला. वाटेत कचऱ्याचे डबे लागले नव्हते असं नाही. पण फेकून दिलं असतं तर संध्याकाळी बाबा विचारणार, लोकांनी खाल्लं का, आणि हो म्हणावं लागणार. त्याला दोन्हीकडे खरं बोलायचं होतं. असल्या माणसांचं जगात काय होतं ते आपण सगळे जाणतो.

खोलीत चादर अंथरून, ताटं मांडून सगळे बसले होते. सकाळपासून कोणी खाल्लं नव्हतं. देगीच्या शुक्रवारी कोणी नाश्ता करत नाही. गफूर हातात पेटी घेऊन आत आला तेव्हा शत्रुघ्नने विचारलं, "चाचा, देग खाली राहिली काय? मी आणू?"

"देग नाय," गफूर म्हणाला. आणि त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. बंदूक, गोळी, कोपरा, बदरचा चाकू, पाहुण्यांचे बकरे, आणि ही पेटी. काही गाळलं नाही. आपलं "चालेल"सुद्धा नाही.

त्याला वाटलं होतं खोली पेटून उठेल. झालं भलतंच. मग तौफीक म्हणाला, "सांगितलंस कशाला पण?"

"काय?"

"सांगितलंस कशाला म्हनतो मी. नसता सांगितलंस तर आम्ही खाल्ला असता. आमाला ठाव नव्हता, आमच्यावर गुन्हा नाय. गुन्हा त्याच्यावर. आता हे सगळे उपाशी बसले हायत, ते कुणाच्या नावावर?"

"माझ्या नावावर खाल्ला असतास तू!" गफूर कडाडला. "माझ्या हातचा म्हनून! मी वाढला असता आन् तुमी खाल्ला असता, आन् मी बघत बसलो असतो?"

"मंग वाटंत टाकायचा, आन् देग जळली म्हनून सांगायचा."

"खोटा सांगू? तुला?"

"पोटासाठी मानूस काय काय सांगतो, गफूरभाय. तुजी नोकरी जाईल ना ह्याच्यानं. जमिलाभाभीला काय सांगशील?"

ज्यांच्या इभ्रतीसाठी तो रात्रभर जळला होता, त्यांना त्या इभ्रतीपेक्षा एक वेळचं जेवण हवं होतं, असं त्याला दिसलं. बाबा म्हणाले ते खरंच होतं की काय, खातील म्हणाले ते? तो चपला न काढता उंबऱ्यातच बसला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाबा. दर देगीच्या शुक्रवारी या वेळेला ते फोन करायचे, आईच्या आठवणीने, माणसं जेवली का विचारायला. गफूरने फोन उचलला आणि का कोण जाणे, स्पीकर लावून चादरीवर ठेवला. कुवेतात इतकी वर्षं काढलेल्या त्या माणसांना बाबांची अरबी-हिंदीची खिचडी समजायला अडचण नव्हती.

"जेवले का सगळे?"

"नाही बाबा. मी सांगितलं त्यांना."

बाबांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच न उमगल्यासारखे ते म्हणाले, "पण गफूर, मी तर फुकट देत होतो."



"तुम्ही नाही खाल्लं ना बाबा," गफूर म्हणाला. "मग ते फुकट कसं?"

"उद्या सकाळी मला भेट," बाबा म्हणाले. "तुझ्या पासपोर्टचं बोलू." फोन बंद झाला. पासपोर्ट मालकाकडे असतो, त्याचं बोलायचं म्हणजे नोकरी संपली, हे खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही.

तौफीक उठला. मघाशी गुन्हा कुणाच्या नावावर म्हणून वाद घालणारा हाच माणूस. त्याचा चेहरा लाल झाला होता. "फुकट?" तो म्हणाला. "आमच्या मोहल्ल्यात कुत्र्याला टाकताना पन लोक बघतात काय टाकतो ते!" त्याने पेटी खांद्यावर घेतली. शत्रुघ्न हात लावायला गेला तर त्याला त्याने ढकललं. तीन मजले तो एकटाच उतरला. गॅलरीतून सगळ्यांनी पाहिलं: रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्यात त्याने एक एक पिशवी मोजल्यासारखी टाकली, पेटी उपडी करून झटकली, आणि रुमैथियाच्या दिशेला तोंड करून काहीतरी ओरडला. काय, ते वर ऐकू आलं नाही.

वर येऊन त्याने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले.

"राहुलनं काल सुकटीचा कालवन केलेला हाय," तो म्हणाला. "तो गरम करा. भात टाका. आन् गफूरभायची पथारी माझ्या बाजूला घाला, उद्यापासून लागंल."

चपला काढ, असं त्याने गफूरला दटावलं. गफूर उठला, चपला काढल्या, हात धुतले आणि चादरीवर येऊन बसला. भात झाला, कालवण आलं, सगळे जेवायला लागले. दुसऱ्याच घासाला गफूरने ताटातून मान वर केली आणि राहुलला सांगितलं की मीठ कमी पडलंय.